खांदा दुखत होता म्हणे

विन्या,

तुझ्या बापानं मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर तुझ्याकडं होतं, आणि तू निघून गेलास. आता ते माझ्या गळ्यात. हे तुझं नेहमीचंच. गॅरेजमध्ये अर्धवट खोललेलं चाक माझ्या हातात देऊन "आलोच रे" म्हणत चहाला जायचास, तसंच.

तुझं तेरावं झालं त्या संध्याकाळी नानांचा फोन आला. मी लाँड्रीत होतो, रोलरवर हॉटेलच्या चादरी लावत. कुवेतहून सुट्टी मिळाली नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. इथं बाप गेला तरी आधी साहेबाला विचारावं लागतं, आणि तू तर कागदावर माझा कोणीच नव्हतास. नाना आधी तुझी आई, आमची काकी, दोन घास जेवली ते सांगत बसले, मग भात पोटरीला आलाय ते, मग डुकरांचा त्रास.

"दिपू," म्हणाले, "शिमग्याला त्यो पालखीखाली पुढं सरकला व्हता. मी मागनं आलो तवा. तू विडिओ बघितलास ना?"

"बघितला नाना."

"मग त्यो माझ्यासाठी सरकला, का आसाच? तुला काय बोलला आसंल. तुला समदं सांगायचा त्यो."

मी म्हणालो, "नाना, सुपरवायझर आलाय, शुक्रवारी सांगतो."

सुपरवायझर कुठला यायला. मीच घाबरलो. कारण मी तुला विचारलं होतं, आणि तू जे उत्तर दिलं होतंस ते त्या माणसाला तेराव्याच्या संध्याकाळी सांगण्यासारखं नव्हतं. शुक्रवारपर्यंत मला धड झोप नाही, धड जेवण नाही. खोलीतला गॅस बंद केलाय का ते उठून उठून बघत होतो. तुला माहितीये मी कसा आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "दिप्या, सिलेंडर नाय फुटत, तूच फुटशील एक दिवस."

म्हणून सगळं पहिल्यापासून लावून बघतो. तुला ठाऊक आहे, तरी ऐक. नाहीतरी आयुष्यभर माझं बोलणं मधेच तोडलंस. आता तोड बघू.

सुरुवात त्या गेमपासून. किती दिवस वाट बघितली होती आपण! कुठल्यातरी चार पोरांच्या कंपनीनं घाटातली बस चालवायची गेम काढली होती. जाहिरातीत घाट दाखवला होता तो बघून तू गॅरेजमध्ये ओरडलास, "हा वरंधच रे! एका बाजूला कातळ, एका बाजूला खाली भोक!" आपण दोघांनी आधीच पैसे भरून ठेवले. मी महिन्याभरानं कुवेतला निघणार होतो. जायच्या आधी दोघांनी मिळून गेममध्ये डेपो चालवायचा, मग मी तिकडून, तू इकडून, असं ठरलं होतं. गेम आली त्या रविवारी मी हिरकणीवाडीच्या स्टॉलवर दांडी मारली. रविवारची रायगडच्या रोपवेची गर्दी सोडून पिठलं-भाकरीचा माणूस पळाला म्हणून मालक माझ्या सात पिढ्या उद्धरत होता. पण मी पोलादपूरला तुझ्या गॅरेजवर आलो. तू टायरच्या थप्पीवर गोणपाट अंथरून ठेवलं होतंस, वडापाव आणून ठेवले होतेस.

बस स्टँडातून निघाली. पहिलं वळण आलं आणि रस्ताच संपला. खाली नाही गेली बस दरीत. दरीत गेली असती तर चाललं असतं. ती रस्त्याच्या आत गेली, जमिनीत, हळूहळू, चिखलात म्हैस बसते तशी. कंडक्टर वर हवेत उभा राहून घंटी मारत होता. प्रवाशांची डोकी टपातून बाहेर आलेली. पाऊस पडायला लागला तर तो बसच्या आत. परत चालू केली, परत तेच. संध्याकाळी सगळा डेपोच पुसला गेला.

तू हसून हसून टायरवरून खाली पडलास. मला रडू येत होतं. हे तुला कधी कळलंच नाही, आणि याचाच मला राग आहे. मला गेमचं एवढं नव्हतं. त्या महिन्यातल्या संध्याकाळी आपल्या होत्या, आणि त्या त्यांनी वाया घालवल्या. मी तिथल्या तिथं गेम फोनवरून काढून टाकली. नंतर विमानात बसलो.

इथं आल्यावरचे पहिले महिने तूच काढलेस माझे. हे मी तुला कधी तोंडावर बोललो नाही. बोललो असतो तर तू "गप रे, भाषण नको" म्हणाला असतास. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. इंग्रजी समोर आलं की मला घाम फुटतो. त्या कंपनीची पोरं दर काही दिवसांनी गेममध्ये काय काय दुरुस्त केलं ते इंग्रजीत लिहून पाठवायची, आणि तू ते मराठीत करून, श्रावणात पोथी वाचतात तसल्या आवाजात मला रेकॉर्ड करून पाठवायचास.

"ऐका भाविकहो. ह्या आवृत्तीत पाऊस टपावर पडंल, सीटवर नाय. कंडक्टर गाडीच्या आतच राहील. म्हशी हॉर्न दिल्यावर उठतील, पण लगेच नाय. तिसऱ्या वळणावरचा रस्ता परत आलाय, ज्याचा हरवला असंल त्यानं घेऊन जावा."

मी चादरींच्या वाफेत उभा राहून एकटाच हसायचो. शेजारचा केरळचा माणूस विचारायचा, काय झालं? त्याला काय सांगणार, आमच्याकडं रस्ता परत आला म्हणून?

पण गेम परत घेतली नाही मी. तू मागं लागलास. "आता चांगली हाय रे. मनापासून केलीय त्यांनी. माफी पण मागितली. आम्ही घाई केली, असं सरळ लिहिलंय. नारळ ठेवला बघ."

नारळ ठेवला! तुझं सगळं गावकीवर यायचं. आपल्या वाडीत कोणी चुकलं की तो गावासमोर, पालखी टेकते त्या सहाणेवर नारळ ठेवतो, पालखीपुढं हात जोडतो, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि गावकी त्याला परत घेते. बरोबर. मी म्हणालो, "आणि पुढचं सोयीस्कर विसरतोस. नारळ ठेवला तरी पालखीला खांदा लगेच नाय मिळत. आधी मागून चालायचं. दुसऱ्याच्या घामाच्या मागून, हात मोकळे ठेवून."

"मग दोन वर्षं मागूनच चालले की ते! दुकान बंद करून दुसऱ्या नावानं उघडता आलं असतं त्यांना. बसले ना एकेक वळण नीट करत? त्याचे कोण पैसे देतंय?"

"ते त्यांचं कामच होतं विन्या. मी चादर जाळली आणि मागनं रफू करून दिली, तर साहेब मला हार घालंल काय?"

"रफू चांगला असंल तर घालावा."

"तू काढलेलं पंक्चर कशेडी घाटात परत सुटलं, तर गिऱ्हाईक तुझ्या पाया पडतंय का शिव्या घालतंय?"

"आधी शिव्या घालतंय. मग पुढच्या टायमाला माझ्याकडंच येतंय. येतात की नाय? बोल."

येतात. हे खरंच होतं, म्हणून मी फोन ठेवून द्यायचो.

मग त्या कंपनीनं दुसरी गेम काढतोय म्हणून सांगितलं, आधीच पैसे भरा म्हणाली, आणि तू भरायला निघालास. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मोडलेलं नीट केलं, ठीक. शिव्या देणं बंद करतो. पण पुन्हा न बघता पैसे? लगेच पुढच्या दांडीला खांदा? "तुला कोणीही फसवावं," मी म्हणालो, "आणि नंतर सॉरी म्हणावं, की तू खूश." तू म्हणालास, "माणसानं चुकीनंतर काय केलं ते बघायचं दिप्या. चुकताना काय केलं ते समदेच बघतात."

हे वाक्य तू बोललास. तू. मी रोलर बंद करून तिथंच उभा राहिलो. कारण मला काय आठवलं ते तुला ठाऊक आहे.

नाना.

आपण लहान होतो. नाना मुंबईत टॅक्सीवर असायचे. गावाला कधी यायचे, कधी नाही, आले तरी प्यायलेले. त्या शिमग्याला ते तसेच सहाणेवर आले आणि पालखी नाचत असताना मधे घुसले. पालखी कलंडली. कोणीतरी सावरली म्हणून देव खाली आला नाही. मग नानांनी गावच्या मुखियाच्याच अंगावर हात टाकला. गावकीनं त्यांना बाहेर काढलं, आणि तू ढोलाशेजारी नाचत होतास, तुलाही कोणीतरी दंडाला धरून बाजूला केलं. तुझ्या कपाळावर गुलाल होता. मी बघत होतो, म्हणून सांगतो.

पुढं नाना कायमचे गावाला आले. दारू सुटली ती सुटलीच. पडीक खाचर परत लावायला घेतलं, काकीच्या दुखण्यात महाडच्या दवाखान्याच्या बाकावर बसून दिवस काढले, सहाणेवर नारळ ठेवला. गावकीनं परत घेतलं. पहिल्या वर्षी मागून चालले, पुढं देवावरची अब्दागीर धरायला मिळाली, मग खांदा. मुखियानं, ज्याच्यावर हात टाकला होता त्यानं, स्वतः बोलावून दिला. सगळ्या गावानं माफ केलं. राहिला कोण? तू!

एका घरात राहून एक शब्द नाही. एका ताटलीच्या अंतरावर बसून काकीला सांगायचास, "त्यांना सांग, आमटी पायजेल तर घ्या." काकी बिचारी मधे बसून त्याच शब्दांचं भाषांतर करायची. "अवो, आमटी घेताय काय?" नाना तिलाच सांगायचे, "त्याला सांग, नको." मी एकदा जेवायला होतो तर मला हसावं का पळून जावं कळेना. त्या चार पोरांची तोंडंही तू बघितली नव्हतीस, त्यांना माफी. आणि हा माणूस तुझ्यासाठी रोज सकाळी गॅरेजवर डबा आणून टायरवर ठेवून मुकाट जायचा, त्याला नाही.

मी त्या दिवशी तुला हेच सुनावलं. "नानांनी चुकीनंतर काय केलं ते बघ ना मग!"

पलीकडं तू हवेचा पंप बंद केलास. मग म्हणालास, "गेम पहिल्यापासून परत लावता येते रे. मी परत लहान होत नाय."

हेच तर मी ओरडत होतो, त्या महिन्याच्या संध्याकाळी कोण परत देणार म्हणून! माझं बोलणं उचलून तू मलाच मारलंस. तू गेमवाल्यांना सोडलंस आणि बापाला धरून ठेवलंस, मी नानांना सोडलं आणि गेमवाल्यांना धरून ठेवलं. दोघंही आपापल्या जागी अडून. घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्यावर दोन्ही ड्रायव्हर इंजिन बंद करून बिडी पेटवतात, तसं झालं आपलं. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीला घरी येतो, तेव्हा समोर बसून तुला हरवतो. नीट तयारी करत होतो मी, विन्या. मुद्दे काढून ठेवले होते.

मग हा शिमगा आला. सहाणेवरचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला. पालखीच्या दांडीखाली तू सगळ्यात पुढं, घामानं निथळतोयस, मागं कोणीतरी थकून बाहेर पडलं आणि त्या जागी नाना आले. मागच्यानं सरकून ती जागा अर्धी खाल्ली होती. तू मागं वळून बघितलंस. मग एक पाऊल पुढं, दांडीच्या टोकाशी सरकलास. नाना तुझ्या पाठीमागं, तुझ्याच दांडीला. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, खोलीतले लोक वैतागले.

तुला लगेच फोन लावला. "सरकलास ना? नानांसाठी सरकलास ना?"

"खांदा दुखत होता म्हणून सरकलो. उगाच काय पण शोधू नको."

झालं. एवढंच. पुढं पाऊस, लावणी, तो ताप, आणि फोनवर काकीचा आवाज. ते उत्तर घेऊन मी शुक्रवारपर्यंत बसलो.

शुक्रवारी सकाळीच नानांचा फोन आला. मी मनात जुळवाजुळव करत होतो, तर ते भलतंच बोलले. "दिपू, त्याच्या मोबाईलात ती गाडी हाय ना, ती चालू कशी करायची? काकीला मोबाईल उघडता येतो. पुढचा समजत नाय."

"कशाला नाना?"

"त्यो दिवसभर कुठं जायचा ती गाडी घेऊन, ते बघायचाय."

एवढी वर्षं तू विनवण्या केल्यास आणि मी ऐकलं नाही. त्या सकाळी मी ती गेम परत घेतली. डेपो उघडला. तुझ्या गाड्या रांगेनं उभ्या, आणि शेजारी माझ्या नावानं एक, रिकामी, धुतलेली.

नानांनी तुझी बस घेतली, मी माझी. त्यांच्या आवाजासाठी कानात वायर. काकी दुसरा फोन धरून शेजारी. मुंबईला जायच्या आधी नाना वरंध घाटात ट्रक चालवायचे, हे मी विसरूनच गेलो होतो.

"ह्यो ब्रेक ब्रेक काय दाखवतो? घाटात ब्रेकवर नाय जायचं, गिअरवर जायचं."

"अवो, मोबाईल हाय तो, केवढ्यानं दाबताय!" काकी.

"तू गप गो. वळान हाय पुढं."

वळण आलं. मी आपोआप डोळे मिटले. बस वळली. रस्ता होता, विन्या. कठडा होता, खाली धुकं होतं, पाऊस टपावर पडत होता, आत नाही. वरून एक ट्रक आला, घाटात चढणाऱ्याला आधी वाट, तरी नानाच थांबले, कारण त्या ट्रकवाल्यानं थांबायला हवं होतं आणि तो थांबला नाही. "शिकवला नाय ह्यांना कोनी," म्हणाले. चांगली झालीये तुझी गेम. हे तुला ऐकायचं होतं ना? घे. चांगली झालीये.

घाटमाथ्यावर नानांनी बस थांबवली.

"देऊळ कुठाय?"

"कुठलं देऊळ?"

"घाटातली देवी. घाट चढून आलो आनि देऊळ नाय? हात जोडल्याबिगर खाली कोन उतरंल?"

"गेम हाय नाना."

"मग आजून नीट नाय झाली."

तुझ्याशी एवढं भांडलो, पण ही चूक मला सापडली नव्हती. मी हसत होतो, आणि नाना त्या मोकळ्या माथ्यावर गाडी उभी करून म्हणाले, "दिपू, शुक्रवार झाला."

मला खोटं बोलता आलं असतं. होय नाना, तुमच्यासाठीच सरकला, मला म्हणाला तसं. काय जात होतं माझं? पण तसं बोललो असतो तर ते त्या जाहिरातीतल्या घाटासारखं झालं असतं. आज छान दिसलं असतं, आणि एखाद्या दिवशी नाना एकटे बसून विचार करायला लागले असते की पायाखालचा रस्ता गेला असता. मी तिथं धरायला नसतो.

"नाना," मी म्हणालो, "मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, खांदा दुखत होता म्हणून सरकलो."

गेममधलं इंजिन घुरघुरत होतं. काकीनं नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, मारलं मी या माणसाला.

मग नाना म्हणाले, "कुठला खांदा?"

"म्हणजे?"

"डावा का उजवा?"

"ते नाय बोलला."

"पालखी त्याच्या उजव्या खांद्यावर व्हती. सरकला त्याच्या आधी उजव्यावर, सरकल्यावर पन उजव्यावर. देव सहाणेवर टेकंपर्यंत उजव्यावरच. मी मागंच व्हतो, त्याच्या मानंवर माझी नजर." थांबले. "खांदा दुखतो तो मानूस खांदा बदलतो. नायतर दांडी सोडून बाजूला व्हतो. पुढं सरकून त्योच खांदा कोन देतं रे?"

हे मला सुचलंच नव्हतं. एवढ्यांदा बघितलेला व्हिडिओ.

"खोटारडा," नाना म्हणाले. लहान पोराच्या खिशात चोरून घेतलेली चिंच सापडल्यावर म्हणतात ना, तसं. आणि हसले. तुझ्या घरात मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं. काकी म्हणाली, "अवो, काय झाला?" तर म्हणाले, "काय नाय गो. ह्याला धड खोटा पन बोलता येत नव्हता." मग त्या देऊळ नसलेल्या जागी फोन खाली ठेवून हात जोडले असणार, कारण थोडा वेळ बस तशीच उभी होती. नंतर हॉर्न वाजला आणि ती गिअरवर, सावकाश, महाडच्या बाजूला उतरायला लागली. मी मागून.

आता तुझ्या कंपनीचं. दुसऱ्या गेमचे पैसे मी भरलेले नाहीत आणि भरणार नाही. येऊ दे, बघू, मग ठरवू. ही जुनी मात्र फोनमध्ये राहील. शुक्रवारी नाना गाडी काढतात, माझी बस डेपोत उभी बघितली तर मिस्ड कॉल देतात. त्या पोरांना देवळाचं लिहून कळवायचं म्हणतायत. इंग्रजीत कोण लिहिणार? ते काम तुझं होतं.

आणि भांडण संपलं असं समजू नकोस. ज्याचं लहानपण गेलं त्यानं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही, आणि तुझं बरोबर नव्हतं असंही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की सरकला होतास तर सरकलो म्हणायचं. नानांना नाही, निदान मला. तुझा खांदा दुखत नव्हता, विन्या. सांगायला काय गेलं असतं रे तुझं?